नवव्या प्रश्नाचं उत्तर

१

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी काहीही घडलं नाही. नंतर मी तो दिवस पुष्कळदा उलगडून पाहिला, पण त्यात सांगण्यासारखं काही सापडत नाही.

मी खोपोलीहून कर्जतला आले, कशेळ्याची जीप धरली आणि दहाच्या सुमाराला घरी पोचले. आमचं गाव कशेळ्यापासून दोन मैलांवर. तिथे फोनला रेंज मिळते ती देवळाच्या पायरीवर, तीही रोज नाही. भाताची झोडणी नुकतीच संपली होती. अंगणात पेंढ्याची उडवी उभी होती आणि आईच्या केसांत भुसा होता.

"दमलीस का गं बाय?" तिनं विचारलं. दमायचं काम तिनं केलं होतं.

जेवण झाल्यावर तिनं तिचा फोन पुढे केला. माझाच जुना फोन तो. "ही अक्षरं मोठी कशी करतात?"

"दे इकडे." मी फोन घेतला, अक्षरं मोठी केली, परत दिला.

"कसं केलंस?"

"झालं ना आता."

ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. मी पुस्तक उघडलं. माझ्याकडे दर रविवारी एक पुस्तक असायचं.

चारला मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई, साखरेचा डबा कुठे ठेवलास? मुंग्या लागल्यात इथं." उत्तर आलं नाही. मागच्या पडवीतून तिचा पुटपुटण्याचा आवाज येत होता. डोकावून पाहिलं तर ती एकटीच बसलेली, मांडीवर टॉवेल पसरलेला.

"कोणाशी बोलतेस?"

"कोणाशी नाय. कोंबडी हाकलत होते."

कोंबडी मला दिसली नाही. पाचच्या जीपनं मी निघाले. सोमवारी सकाळी साडेसहाला शेजारच्या जयाकाकूचा फोन आला. ती देवळाच्या पायरीवरून बोलत होती.

"हर्षले, लवकर ये. सोनुबाई मोरीजवळ पडली. उठत नाय."

२

तेराव्यापर्यंत मी गावीच राहिले. पहिल्या शनिवारी सामान आणायला कशेळ्याला गेले, तेव्हा आईचा फोन माझ्या पिशवीत होता. बाजारात पाय ठेवताच त्याला रेंज आली आणि तो वाजला.

निरोप असा होता. सोनुबाई यांचं अभिनंदन. महिलांसाठीची डिजिटल साक्षरता परीक्षा. गुण पन्नासपैकी एकतीस. उत्तीर्ण. पेपर मिळाल्याचा दिवस गुरुवार, वेळ दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं.

गुरुवारी आई जाऊन चौथा दिवस होता.

मी तो निरोप तीनदा वाचला. आई असल्या कुठल्या वर्गाला जाते हेच मला ठाऊक नव्हतं. पण असले प्रकार ठाऊक होते. शिक्षकांना टॅब आणि ॲप वापरायला शिकवणं ही माझी नोकरी. खालापूर तालुक्यातल्या शाळाशाळांतून मी हिंडते, आणि आकडे भरण्यासाठी कोणाकोणाची हजेरी लावतात हे पाहिलेलं आहे. सोडून गेलेली मुलं हजर असतात. एकदा तर बदली झालेले गुरुजीही हजर होते.

आता माझी आई.

निरोपाखाली वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा पत्ता होता. भाजीवाल्यांच्या ओळीत उभी राहूनच मी तक्रार लिहिली. 'माझी आई सोमवारी वारली. तिला टॅब चालवता येत नव्हता. तिच्या नावावर दुसऱ्या कुणीतरी परीक्षा दिली आहे.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, फोन.

पाठवल्यावर बरं वाटलं. त्या सगळ्या आठवड्यात मी आईसाठी काही केलं असं वाटलेली ती एकच गोष्ट.

३

चौदाव्या दिवशी जयाकाकू आली आणि उंबऱ्यातच बसली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"आमचा वर्ग बंद पडला," ती म्हणाली.

"कसला वर्ग?"

"कशेळ्याचा. खलीलच्या दुकानामागं. वीस बाया व्हतो आमी, तुझी आय धरून. पास झालेल्या बाया वाडीवाडीच्या शाळेत टॅब घेऊन जाणार व्हत्या, पोरांना शिकवायला. ठाकुरांच्या वाडीवर माझं नाव लागलं व्हतं. आता एकोणीस बायांचे पेपर अडकले. सायब म्हनतात, तुमच्यात एकीनं चोरी केली म्हनजे सगळ्यांनीच केली."

"चोरी झालीच आहे, काकू. मेलेल्या बाईनं पेपर कसा दिला?"

"ते मला काय म्हाईत?" ती उठली. "पन गावात आता काय म्हनतात म्हाईत हाय? सोनुबाईनं भाड्याची पोरगी बसवली. मेल्यावर पन तिला सोडत नायत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तक्रार मी दुसऱ्या कोणावर तरी केली होती. डाग आईला लागला होता.

दुपारी देवळाच्या पायरीवर बसून मी संस्थेचं उत्तर फोनवर डाउनलोड करून घेतलं. चौकशीचं काम ओमकार नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. येत्या शनिवारी ते कशेळ्याला येऊन सगळ्यांसमोर निकाल देणार होते. तोतया बसल्याचं ठरलं तर वर्ग कायमचा बंद आणि सोनुबाईंचं नाव गैरप्रकाराच्या यादीत. सोबत आईच्या पेपरची प्रत होती. पेपर चाळीस मिनिटांचा. परीक्षा गुरुवारी दुपारी दोनला सुरू व्हायची होती, आणि हा पेपर त्याआधीच येऊन पडला होता.

नवव्या प्रश्नावर लाल खूण होती. प्रश्न होता, 'टॅबशी बोलून टाइप करा: आज घरी काय चाललं आहे?'

उत्तर असं:

'लेक आली Hi भात झोडून झाला Hi साखरपुडा कुठे ठेवलास मुंबईला गेल्यात'

ओमकार यांनी खाली लिहिलं होतं: 'पहिल्या भागात इंग्रजी अभिवादन. परीक्षार्थी तिसरी शिकलेल्या, त्यांना इंग्रजी येत नसे. शेवटच्या वाक्याची भाषा वेगळी, शुद्ध. विषय साखरपुड्याचा आणि मुंबईचा. पेपर देणारी बहुधा तरुण मुलगी.'

कशेळ्यात त्या महिन्यात कोणाचं लग्न मुंबईला ठरलं होतं, हे शोधायला मला एक चहा पुरला. चहावाला म्हणाला, "खलीलभाईंच्या पोरीचं. सिद्राचं. का ओ ताई?"

४

खलीलभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. मी नाव सांगितलं तसं त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्हीच का ते पत्र लिहिणाऱ्या?"

"हो."

"बसा. मावशींची मुलगी म्हणून बसा. पत्रवाली म्हणून आला असाल तर उभ्याच बरं."

मी बसले. काउंटरमागे एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी फोनच्या काचा पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"चौकशीच्या साहेबांनी हिला फोनवर एक तास विचारलं," खलीलभाई म्हणाले. "मुंबईला मुलाकडच्यांना कळलं तर? आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे. माझ्या दुकानात आजवर एका गिऱ्हाइकाचा फोटो इकडचा तिकडे गेला नाय."

मी फोनवर पेपरची प्रत उघडून काउंटरवर ठेवली. सिद्रानं ती वाचली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आमच्या घरात मंगनी म्हणतात. साखरपुडा मी कशाला लिहीन? आणि मी बसले असते तर पन्नासपैकी पन्नास आले असते. एकतीस घ्यायला मी काय दांडी मारून शिकले?"

"सिद्रा," तिचे वडील म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली हसू होतं.

"गुरुवारी काय झालं ते सांगाल?" मी खलीलभाईंना विचारलं.

"काय व्हायचंय? टॅब सगळे माझ्याकडे असतात, त्यांचे वेगळ्या पिनेचे चार्जर पण इथंच. एकेक बाई आळीपाळीनं एक टॅब घरी न्यायची, सरावाला. शनिवारी वर्ग सुटल्यावर सात नंबर मावशींनी नेला. तो गुरुवारी परत आला, साडेबाराच्या जीपनं. ठार मेलेला. बटण दाबलं तर पडदा काळा. मी चार्जरला लावला, जरा वेळानं तो जागा झाला, वायफाय लागलं आणि टुंग करून वाजला. मग मी भजी खायला गेलो."

"वाजला तेव्हा किती वाजले होते?"

"पाच-दहा मिनटं झाली असतील आणून. पावणेएकची बांग व्हायची होती अजून."

"मधे कोणी हातात घेतला?"

"माझ्या डोळ्यांसमोर होता. काउंटरवर, इथं."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"साहेबांनी विचारलं, पोरगी कुठं होती. टॅब कुठं होता ते कुणी विचारलंच नाय."

साडेबाराला मेलेला टॅब. बारा चाळीसला भरलेला पेपर. चाळीस मिनिटांचं काम दहा मिनिटांत झालं नव्हतं. ते आधीच कधीतरी झालं होतं, आणि टॅबनं ते रेंज मिळेपर्यंत पोटात ठेवलं होतं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी हेच शिकवते.

"गुरुवारी टॅब घेऊन कोण आलं होतं?" मी निघताना विचारलं.

खलीलभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "तुमच्या शेजारीण. जयाबाई."

५

जयाकाकूकडे जाण्याआधी मी वर्ग घेणाऱ्या जितेशला गाठलं. तो दहिवलीला राहतो. घरी बोलायला नको म्हणाला, म्हणून आम्ही रस्त्यापलीकडच्या पिंपळाच्या पारावर बसलो. तिशीचा, सडपातळ माणूस. दाढी वाढलेली.

"मॅडम, मी तुमच्या एका प्रशिक्षणाला आलो होतो. खोपोलीला. दोन वर्षांपूर्वी." तो जमिनीकडे पाहत बोलत होता. "चांगलं शिकवता तुम्ही."

"परीक्षेचा पेपर टॅबवर कधी उतरवला?"

"गुरुवारी. नियम तसाच आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी."

"किती वाजता?"

"दहा वाजता. दुकानात बसून. वीसच्या वीस टॅबवर."

"वीस?"

"हो."

"सात नंबर साडेबाराला आला, जितेश."

समोरून वाळूचा टेंपो गेला. त्याची धूळ खाली बसली.

"मागच्या बॅचला सात बायांचे पेपर अर्ध्यात अडकले," तो शेवटी म्हणाला. "चाक फिरतंय, फिरतंय, आणि वेळ संपली. शून्य मार्क. त्यातली एक बाई मला म्हणाली, सर, माझंच डोकं कच्चं. मॅडम, तिचं सगळं बरोबर होतं. नियम संस्थेच्या पनवेलच्या ऑफिसात करतात आणि रेंज इथं जाते. म्हणून या वेळी शनिवारी सकाळीच सगळ्या टॅबवर उतरवून ठेवला. बायांना बोललो नाही."

"आणि दुपारी आईनं सात नंबर घरी नेला."

"त्यांना वाटलं असेल, नवीन सराव आलाय." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "हे शनिवारी बोललात तर माझी नोकरी जाईल. मुलगी पहिलीत आहे."

मी त्याला वचन दिलं नाही, धीरही दिला नाही. फक्त विचारलं, "आईला जमायचं?"

तो चमकला. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

६

शनिवार ते गुरुवार पेपर टॅबवर होता. सोमवारपासून आई नव्हती. तेव्हापासून टॅब कोणाकडे होता, एवढंच उरलं होतं.

जयाकाकू ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. आडवळण न घेता विचारलं.

"सात नंबर तुझ्याकडं कधी आला?"

तिचे हात थांबले. "रयवारी. तू गेलीस, जीप वळणाला गेली नसंल, की सोनी आली कुंपनापाशी. म्हनली, हा ठेव, मेला हा बंद पडला, उद्या खलीलला दे. आता घरात नको." ती पुन्हा निवडू लागली. "उद्या म्हनता तिचंच झालं. कोन देतो टॅब? गुरवारी परीक्षेला निघाले तवा फडताळात दिसला."

"तू त्यावर पेपर दिला नाहीस?"

"माझ्यावर संशय?" तिनं सूप खाली ठेवलं. "अगं येडे, मला माझा देता देता नाकी नऊ आले. आनि बंद टॅबवर काय मी कोळशानं लिवणार?"

टॅब रविवारी संध्याकाळीच बंद पडला होता. म्हणजे पेपर शनिवारी रात्री नाहीतर रविवारी झाला. आणि तो आईशिवाय कोणी दिलेला असू शकत नव्हता. तरी तो 'हाय' आणि ते शुद्ध वाक्य राहतच होतं.

"काकू, घरी चल. एक बघायचंय."

मी तिला आमच्या मागच्या पडवीत बसवलं, माझ्या फोनवरचं, रेंजशिवाय चालणारं, बोलून टाइप करायचं बटण दाखवलं. ते तिनं माझ्याआधीच दाबलं.

"काय बोलू?"

"घरी कोण आलंय ते सांग."

"लेक आली हाय," ती फोनला म्हणाली, आणि पडद्याकडे पाहून वाकली. "ह्ये बघ. असंच करतं मेलं. आमी हाय म्हनलं की ते विंग्रजी फाडतं. जितेश सर म्हनायचे, आहे म्हना, आहे म्हना. सोनी म्हनायची, मी नाय म्हननार. मशीनला शिकू दे की मराठी."

काकू हसली. मीही हसणार होते. आईनं असा विनोद केलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आन चहा ठेव," काकू म्हणाली. "तवर मी अजून बोलते ह्याच्याशी."

मी आत गेले. आधण ठेवलं, डबे चाळवले आणि तिथूनच ओरडले, "काकू, साखर किती घालू?"

मग काकूचा आवाज. "हर्षले, ह्यानं तुझं पन लिवलं. 'आखर किती कालू' म्हनतंय. कालू कोन?"

मी गॅस बंद केला. ओट्यावर मुंग्या अजून होत्या. साखरेचा डबा. कुठे ठेवलास. मुंग्या लागल्यात. भिंतीपलीकडून गेलेला आवाज यंत्रानं जमेल तसा ऐकला होता.

ओमकार यांचं एका बाबतीत बरोबर होतं. पेपर देताना तिथे दुसरी बाई होती. ती सिद्रा नव्हती.

मी पडवीत आले. काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि फोन पदरानं पुसून बाजूला ठेवला.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

"सांगनार व्हती. पास झाल्यावर. नापास झाले तर तिला कशाला कळायला पायजे, म्हनायची." काकू भिंतीला टेकली. "तिची पाळी असली आन तू आलीस की टॅब टावेलाखाली जायचा. चार महिने झाले. वीस बायांत दुसरी यायची सोनी."

७

शनिवारी दुकानामागच्या खोलीत एकोणीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सिद्रा दारात, खलीलभाई तिच्यामागे. जितेश भिंतीला टेकून उभा. ओमकार चाळिशीच्या आतले, सौम्य, थकलेले गृहस्थ होते. त्यांच्यासमोर दोनच कागद होते, आईचा पेपर आणि माझी तक्रार.

मी क्रमानं सांगितलं. साडेबाराला टॅब बंद होता, हे खलीलभाईंनी पाहिलं. त्याच्याआधी तो चार दिवस जयाकाकूच्या फडताळात, तोही बंद. चार्जर दुकानाबाहेर कोणाकडे नाही. म्हणजे पेपर आई जिवंत असताना, रविवारी, घरी दिला गेला. टॅबला वायफाय मिळालं तेव्हा तो तुमच्यापर्यंत आला, आणि तुमच्या यंत्रणेनं ती वेळ परीक्षेची म्हणून नोंदवली.

"पण रविवारी पेपर टॅबवर नव्हता, मॅडम," ओमकार म्हणाले.

मी जितेशकडे पाहिलं नाही. मी तेवढंच करू शकत होते.

"होता, सर," भिंतीकडून आवाज आला. "मी शनिवारी उतरवला. सगळ्या टॅबवर."

ओमकार यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. मग त्यांनी नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. मी जयाकाकूला उभं केलं. तिनं त्यांच्याच टॅबला सांगितलं, "मी हितं हाय," आणि टॅबनं इंग्रजी अक्षरं काढून दाखवली. बायका हसल्या. एकजण मागून म्हणाली, "सायेब, तुमचा टॅब पन शेहरातला हाय वाटतं."

"आणि हा साखरपुडा?"

"तो माझा आवाज आहे. मी स्वयंपाकघरातून साखरेचा डबा विचारत होते. रविवारी, चार वाजता. मी त्या घरात होते." मी मूळ वाक्य सांगितलं. त्यांनी ते उत्तराशेजारी लिहिलं, दोन्ही हळूहळू वाचली आणि मान हलवली. दारात सिद्रानं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि वडिलांकडे न बघता आत निघून गेली.

ओमकार यांनी चष्मा काढला.

"तुम्ही सांगता ते पटतंय. पण अडचण अशी आहे, की सोनुबाईंना हे जमत होतं याला पुरावा काय? जितेश म्हणतो जमत होतं, पण त्याचा स्वार्थ आहे. या बायका म्हणतात, त्यांचाही आहे. ज्याचा काही स्वार्थ नाही असं एकच म्हणणं माझ्याकडे आहे." त्यांनी कागद उचलला. "सख्ख्या मुलीचं. स्वतः या विषयात काम करणाऱ्या मुलीचं. 'तिला टॅब चालवता येत नव्हता.' स्पष्ट लिहिलंय. मी यातलं कुठलं धरू, मॅडम?"

एकोणीस जणी माझ्याकडे पाहत होत्या, रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. चुकलं होतं, गैरसमज झाला होता, दुःखात लिहिलं गेलं, अशी वाक्यं माझ्याकडे तयार होती. त्यातल्या कुठल्याही वाक्यानं काम भागलं असतं. ओमकार भले गृहस्थ होते.

"ते खोटं आहे," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं असं लिहायला हवं होतं. मी तिला येत नव्हतं असं लिहिलं."

"पण तुम्ही दर रविवारी जात होतात ना? चार महिन्यांत एकदाही दिसलं नाही?"

जयाकाकूनं माझ्या हातावर हात ठेवला, नको म्हणून. मी तो बाजूला केला.

"तिनं दिसू दिलं नाही," मी म्हणाले. "लिहून घ्या. माझ्या आईला टॅब चालवता येत होता. ती माझ्यापासून लपून शिकली. कारण तिला माझी भीती वाटायची."